तिसरी शपथ

पूर्णियाच्या कचेरीत रुजू होऊन मला तीन महिने झाले असतील. एके दुपारी फायलींना दोरे ओवता ओवता मी एक जुने हिंदी गाणे गुणगुणत होतो. शेजारच्या टेबलावरचे मैथिल सहकारी लिहिता लिहिता थांबले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारले, "हे कुठल्या चित्रपटातले, ठाऊक आहे ना?"

"'तीसरी कसम'मधले," मी म्हणालो.

"पाहिलात?"

मी बेधडक 'हो' म्हणून मोकळा झालो. वस्तुतः मी तो पाहिला नव्हता. ही गाणी रेडिओवर लागली की वडील हातातले वर्तमानपत्र खाली ठेवीत, एवढ्यावरच हीरामन गाडीवानाची आणि माझी ओळख संपत होती. माझे खोटे सहकाऱ्यांच्या ध्यानात आले असावे. "मग आपण आमच्या रेणूंच्या मुलखात आला आहात, हे आपल्याला सांगायला नको," एवढेच बोलून त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

त्या मुलखाविषयी मला प्रेम नव्हते, हे आधीच कबूल केलेले बरे. साताऱ्याहून तेथे यायचे म्हणजे दोन रात्री आगगाडीत काढाव्या लागतात. पत्नी आणि मुलगी साताऱ्यास, मी एका भाड्याच्या खोलीत. पावसाळ्यात खिडकीबाहेर नुसते पाणी आणि पाणी ओसरले की मक्याने भरलेल्या मालमोटारींची गुलाबबागेच्या बाजाराकडे लागलेली रांग. त्यातच एक वृद्ध शेतकरी आमच्या खिडकीशी आला. त्याच्या दोन कागदांवर त्याचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले होते. ते का, एवढेच मला हवे होते. म्हाताऱ्याने प्रारंभ केला तो २००८ सालच्या कोसीच्या पुरापासून: बांध कसा फुटला, घर कसे गेले, भावाच्या मेहुण्याकडे कुटुंब कसे राहिले, तेथल्या मास्तरांनी यादीत नाव कसे लिहून घेतले. मागे रांग वाढत होती. मी त्याला मध्येच तोडले. "बाबा, मुद्द्याचे बोला." तो ओशाळला. "इस्स!" असा काहीसा उद्गार त्याच्या तोंडून निघाला. मग त्याने कागद गोळा केले, "बरं, हाकिम," म्हणाला आणि गेला. तो उद्गार मला तेव्हा केवळ गावंढळ वाटला.

त्यानंतरच्या एका रविवारी, सहकाऱ्यांपुढे पुन्हा खोटे बोलण्याची पाळी येऊ नये एवढ्याच हेतूने, मी संगणकावर तो चित्रपट लावला. पहिल्या अर्ध्या तासातच राज कपूरचा हीरामन लाजून म्हणाला, "इस्स!" मी चित्र थांबविले. थोडा वेळ तसाच बसलो, मग पुन्हा लावले.

'तीसरी कसम' १९६६ सालचा. मूळ कथा फणीश्वरनाथ रेणू यांची, 'मारे गये गुलफाम'. रेणू तेव्हाच्या ह्याच पूर्णिया जिल्ह्यातले. त्यांचे गाव आता अररिया जिल्ह्यात मोडते. संवाद त्यांनी स्वतःच लिहिले, म्हणूनच तो उद्गार जसाच्या तसा पडद्यावर आला. दिग्दर्शन बासू भट्टाचार्य यांचे, पटकथा नवेंदु घोष यांची. आणि चित्रपट काढला तो गीतकार शैलेंद्र यांनी. हा गृहस्थ एके काळी मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात कामाला होता; म्हणजे एका परीने आपल्याच जातकुळीचा. त्याने जन्मात हा एकच चित्रपट काढला. वितरकांनी शेवट गोड करण्याचा आग्रह धरला आणि शैलेंद्रांनी तो मानला नाही, असे सांगतात. चित्रपट चालला नाही. कर्जाच्या चिंतेत, १४ डिसेंबर १९६६ रोजी, त्रेचाळीस वर्षांचे शैलेंद्र गेले. पुढे ह्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याची गाणी देशाच्या ओठांवर राहिली. चित्रपट मात्र गाण्यांच्या मागे, आडोशाला उभा राहिला.

ग्रामीण चित्रपट म्हटला की आपल्या मनात काही ठराविक गोष्टी येतात. 'दो बीघा जमीन' (१९५३) आणि 'मदर इंडिया' (१९५७) ह्यांनी ते चित्र पक्के करून ठेवले आहे: सावकार, गहाण पडलेली जमीन, अवर्षण. 'तीसरी कसम'मध्ये ह्यातले काही नाही. हीरामन गाडीवान आहे. खाऊनपिऊन बरा आहे. भावाच्या आणि वहिनीच्या धाकात आहे. बालपणी लग्न झालेली बायको नांदायला येण्यापूर्वीच वारली आणि आता पुन्हा लग्नाचे नाव काढायला तो धजत नाही. त्याच्या आयुष्यात दोनच संकटे आली. एकदा नेपाळच्या सीमेवर चोरट्या मालासह गाडी पकडली गेली. गाडी सोडून बैलांसह अंधारात पळावे लागले. दुसऱ्यांदा गाडीबाहेर आलेल्या बांबूंनी दुसऱ्याच्या वाहनाला धक्का दिला आणि मार खावा लागला. दोन्ही वेळा त्याने शपथ घेतली: चोरीचा माल वाहणार नाही; बांबू वाहणार नाही. ह्या शपथा ऐकताना आपल्याला हसू येते. ते हसू दिग्दर्शकाने आपल्याला मुद्दाम दिलेले आहे, हे शेवटी कळते.

पुढची कथा दोन वाक्यांची आहे. एका रात्री त्याच्या गाडीत एकटी बाई बसते. ती नौटंकीतली हीराबाई असते आणि तिला जत्रेला पोहोचवायचे असते. ती त्याला पोहोचते करविते, जत्रेत काही रात्री नाचते आणि निघून जाते.

चित्रपटाचे खरे बळ आहे ते मधल्या वाटेत. ही वाट संपूच नये अशा बेताने ती चालते. रेणूंच्या मुलखात ज्याला टप्पर म्हणतात तसले गोल छपराचे हे वाहन म्हणजे आपल्याकडची दमणी. सुव्रत मित्र ह्यांनी (१९५५ चा 'पथेर पांचाली' टिपणारे तेच हे) कॅमेरा त्या छपराच्या आत ठेवला आणि मागे मागे सरणारा रस्ता आपल्याला दाखविला. मला एकदम आजोबांच्या गाडीचा साटा आठवला. लहानपणी मागे पाय सोडून बसलो की रस्ता असाच पायांखालून निघून जाई आणि पुढे आजोबा बैलांशी बोलत असत. हीरामनही बैलांशी बोलतो. बैलांवर आसूड उगारला की आतून हीराबाई म्हणते, मारू नका. आणि त्याचा हात खाली येतो. नाव विचारल्यावर ती 'हीराबाई' सांगते आणि दोघांची नावे जुळली म्हणून त्याला 'मीता' म्हणू लागते.  'मीता'त मैत्रीही आहे, आणि ती आपल्या शब्दांत उतरत नाही.

मग तो तिला महुआ घटवारिनीची गोष्ट सांगतो: सावत्र आईने सौदागराला विकलेल्या मुलीची. सांगताना त्याला घाई नाही. तो थांबतो, गातो, मध्येच नदीकडे बोट दाखवितो, पुन्हा मूळ पदावर येतो. आणि वहिदा रेहमानचा चेहरा ती गोष्ट ऐकतो. हीराबाईकडे आजवर लोकांनी पाहिले आहे. तिला गोष्ट सांगावी असे कोणाला वाटलेले नाही. ह्या प्रसंगात वहिदा रेहमान बोलत जवळजवळ नाही. ऐकण्याचा एवढा सुंदर अभिनय मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि मला रांगेतला तो म्हातारा आठवत राहिला. त्यानेही पुरापासूनच सुरुवात केली होती. कारण त्याच्या लेखी तोच मुद्दा होता.

मराठी प्रेक्षकाला जत्रेचा भाग पाहताना आपला तमाशा आठवल्यावाचून राहत नाही: तोच तंबू, तीच कनात, तेच शिट्ट्या मारणारे लोक. अनंत माने ह्यांच्या १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने आपल्याला तमाशातल्या बाईची जी कहाणी दाखविली, तिच्यात अन्याय आहे, सूड आहे, फिटलेले हिशेब आहेत. येथे हिशेब फिटतच नाही. तंबूत कोणी हीराबाईविषयी वाईट बोलतो, हीरामन मारामारीवर येतो आणि तीच त्याला दटावते. तिला बाजारातली समजणारे शंभर आहेत. देवी समजणारा एक आहे. त्या एकाचे ओझे तिला शंभरांहून जड झाले आहे. तिच्यातल्या साध्या बाईला कोठेच जागा नाही, हे वहिदा रेहमानने डोळे खाली करून सांगितले आहे.

दोष नाहीत असे नाही. जमीनदाराचे प्रकरण चित्रपटासाठी आणून बसविलेले दिसते. ते आले की आपण वाटेवरून उतरून पुन्हा ठराविक हिंदी बोलपटात येतो. गाणी एखाद-दोन कमी असती तरी चालले असते. राज कपूरचा भाबडेपणाही क्वचित सवयीचा वाटतो. पण तो स्वतःला विसरतो अशा जागा ह्या चित्रपटात जितक्या आहेत, तितक्या त्याच्या स्वतःच्या चित्रपटांतही नाहीत, असे माझे मत आहे.

शेवट स्टेशनावरचा. हीराबाई जपून ठेवायला दिलेले पैसे हीरामनला परत करते आणि सांगते, महुआला सौदागराने विकत घेतले आहे. गाडी सुटते. हीरामन बैलांवर आसूड उगारतो, मग तिचे शब्द आठवून हात आवरतो आणि तिसरी शपथ घेतो: कंपनीची बाई गाडीत बसविणार नाही.

पहिल्या दोन शपथांना आपण हसलेलो असतो, म्हणून ही तिसरी लागते. चोरीचा माल, बांबू आणि त्यांच्याच ओळीत हीराबाई! आयुष्यातली एकुलती एक सुखाची वाट त्याने अपघातांच्या यादीत टाकली. मी संगणक बंद केला, पण ही यादी काही डोक्यातून जाईना. कारण तसली एक यादी माझ्याजवळही होती. माझी पहिली बदली जबलपूरला झाली होती. तेथे शेजारच्या कुटुंबाशी इतका घरोबा जमला की त्यांच्या आजी माझ्या मुलीला रोज संध्याकाळी दिव्याशी बसवीत. पुढच्या बदलीचा हुकूम आला, सामान बांधले, त्या आजी स्टेशनावर आल्या. गाडी सुटल्यावर मुलगी रडून रडून झोपी गेली तेव्हा मी पत्नीला म्हणालो, "आता ह्यापुढे कुठल्याही गावात कोणाच्या घरी एवढे जायचे नाही." ती काही बोलली नाही. ही शपथ मी निष्ठेने पाळली. पूर्णियात तीन महिन्यांत मी कोणाच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलेले नव्हते; सहकाऱ्यांनी दोनदा जेवायला बोलाविले, दोन्ही वेळा पोट बिघडल्याचे निमित्त सांगितले होते.

सोमवारी मी त्यांना म्हणालो, "परवा खोटे बोललो. तो चित्रपट मी काल पाहिला." ते हसले. "मग आज रात्री जेवायला या. पोट ठीक आहे ना?"

म्हातारा परत आला तो थंडी पडल्यावर. मी ओळखले, त्याने ओळख दाखविली नाही. मी बाजूचे स्टूल आत ओढून त्याला बसायला सांगितले आणि नावाविषयी विचारले. त्याने अविश्वासाने एकदा माझ्याकडे, एकदा रांगेकडे पाहिले. मग पुन्हा कोसीपासून प्रारंभ केला. ह्या वेळी मास्तरांच्या पुढेही गोष्ट गेली: मास्तरांनी लिहिलेले नाव त्याच्या थोरल्या भावाच्या उच्चाराप्रमाणे होते, तो भाऊ त्याच वर्षी वारला, आणि म्हणून ते नाव बदलून घ्यायला त्याचा जीव होत नव्हता. वीस मिनिटे लागली. रांगेतले लोक कुरकुरले, वरिष्ठांनीही दारातून एकदा डोकावून पाहिले. दोन्ही नावे एकाच माणसाची, असे प्रतिज्ञापत्र कसे करायचे ते मी त्याला कागदावर लिहून दिले.

अर्जावर त्याने सही करायची राहिलीच होती. ते सांगितल्यावर म्हातारा म्हणाला, "इस्स!" आणि माझ्याच टेबलावरचे पेन उचलले.