एक घोट कॉफी

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत कॅथी हचिन्सन नावाच्या बाईंनी कॉफीचा एक घोट घेतला. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण पक्षाघातानं त्यांचे हातपाय आणि वाचा जाऊन तेव्हा जवळजवळ १५ वर्षं झाली होती. एवढ्या काळात कुणी न पाजता घेतलेला हा त्यांचा पहिला घोट.

हात यंत्राचा होता, हुकूम मात्र त्यांच्या मेंदूचा. मेंदूच्या ज्या भागातून हाताला हलण्याचा निरोप जातो, तिथं औषधाच्या लहान गोळीएवढा एक संवेदक बसवला होता. त्याला केसासारख्या बारीक ९६ तारा. हात पुढं न्यायचा असं बाईंनी मनात आणलं, की तिथल्या पेशींमधले विजेचे संकेत त्या तारा टिपायच्या, संगणक त्यांचा अर्थ लावायचा आणि यंत्राचा हात हलायचा. सहा वेळा प्रयत्न झाला, चार वेळा जमला.

मला याहून नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. इतकी वर्षं हात निपचित पडलेला, तरी मेंदूतून निरोप निघायचा थांबला नव्हता. वाट तेवढी तुटली होती.

आमच्या सासूबाई अर्धांगवायूनं तीन वर्षं अंथरुणावर होत्या. भरवायला घरात माणसं होती, कुणी कंटाळा केला नाही. तरी चहा पुढं केला की त्या आधी आपल्या उजव्या हाताकडं बघायच्या, मग तोंड उघडायच्या. एकदा म्हणाल्या, "तू करतीस सगळं गं. पण घोट केव्हा घ्यायचा ते तू ठरवतीस." आजारी माणसाचं दुःख नुसतं न हलण्याचं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

कॅथीबाईंच्या त्या एका घोटामागं किती जण होते पाहा. ब्राउन विद्यापीठातले मेंदूचे अभ्यासक, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉक्टर, संकेतांचं गणित मांडणारे, आणि यंत्राचा हात तर जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्रातला. एकट्याच्यानं यातलं काही झालं नसतं. आणि स्वतः कॅथीबाई! २००५ पासून त्यांच्या डोक्यात तो संवेदक होता. ही रोजच्या वापराची सोय नव्हती, संशोधन होतं. पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून वर्षानुवर्षं त्या शिकत होत्या, आणि शास्त्रज्ञांना शिकवतही होत्या.

दहावी झालेल्या मुलींच्या आया आमच्याकडं येतात. पी.यू.सी.ला बायो घ्यायचं की मॅथ्स, हाच प्रश्न. डॉक्टर व्हायचं नसेल तर बायो कशाला, इंजिनिअरिंगला जायचं नसेल तर मॅथ्स कशाला! मी पडले कलाशाखेची. पण हे वाचल्यापासून एवढं सांगते, की मेंदूच्या या कामाला दोन्ही लागतात, आणि माणसाशी बोलणारंही कुणीतरी लागतं. मुलीला आवडतंय ते घेऊ द्या, फक्त दुसऱ्या विषयाचं दार लावून घेऊ देऊ नका.

आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर अभ्यासातून उठवून तिला दहा मिनिटं त्यांच्यापाशी बसवा. तुम्हाला काय हवंय, हे तिनं त्यांनाच विचारावं. कॉलेजात हा धडा कुणी घेत नाही, तो घरातच व्हायला हवा.