उज्जयिनीची जत्रा आणि पाळण्याचा करार

उज्जयिनी हे नाव मराठी माणसाला परके नाही. 1810 साली राजधानी ग्वाल्हेरला हलविली जाईपर्यंत शिंद्यांच्या दौलतीचे हे मुख्य ठिकाण होते. येथे क्षिप्रेच्या काठी दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मोठी जत्रा भरते. स्नान आणि देवदर्शन आटोपून माळव्यातील शेतकरी कुटुंबे मैदानात आली, की मुलांचे डोळे प्रथम आकाशपाळण्याकडे वळतात. वांद्र्याच्या मावलीच्या जत्रेत आपल्या मुलांचे जे होते, तेच येथेही.

पाळण्याची कथा मात्र कचेरीतील कागदावर सुरू होते. जत्रेची व्यवस्था महानगरपालिकेकडे असते. पाळण्यांसाठी जागा आखून त्या ठेक्याने दिल्या जातात. ठेकेदार ट्रकांतून लोखंडी भाग आणतो, थोड्याच दिवसांत पाळणा उभारतो आणि जत्रा उलगडली की तो उतरवून पुढच्या गावी नेतो. प्रत्येक मुक्कामी तेच बोल्ट सैल केले जातात व पुन्हा आवळले जातात. खालची जमीन मात्र दर वेळी नवी असते.

याच कुळातील धिप्पाड भावंड म्हणजे रोलर कोस्टर, उंच रुळांवरून धावणारी डब्यांची गाडी. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे 1884 साली अशी गाडी पाच सेंट घेऊन लोकांना बसवीत असे. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात 2013 साली ‘नायट्रो’ सुरू झाली. सुमारे 40 मीटर उंचीची ही गाडी स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार्ड या कारखानदारांनी घडविली.

असे काम ठरविताना मालक प्रथम जागा, खर्च आणि तासाला किती माणसे बसतील याचा हिशेब मांडतो. मग कारखानदारांकडून आराखडे व किमती मागवितो. मातीची परीक्षा होते, वाऱ्याचा जोर गणला जातो, पाया कोणी घालावा व रूळ कोणी पुरवावेत हे लिहून ठरते. गाडी उभी राहिल्यावरही माणसांऐवजी पाण्याने भरलेले पुतळे बसवून ती पुनःपुन्हा धावविली जाते. 2015 साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने रचना, वापर आणि तपासणी यांना तीन वेगळे भाग दिले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वाऱ्याचा हिशेब का मांडावा, हे उज्जयिनीनेच पाहिले आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये खुल्या झालेल्या महाकाल लोक परिसरातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा मूर्ती 28 मे 2023 रोजीच्या वादळात कोसळल्या. त्या तर एका जागी स्थिर होत्या. मग मुलांना घेऊन फिरणाऱ्या यंत्राची चिंता किती अधिक वाहावी?

जेथे जागा केवळ मोठ्यात मोठी बोली बोलणाऱ्याला मिळते, तेथे त्याला ती रक्कम थोड्या दिवसांत वसूल करावी लागते. अशा घाईत पहिली काटछाट तपासणीलाच बसते.

वाचकहो, आपल्या गावच्या सणालाही पाळणे येतात आणि मैदान भाड्याने देणारे हात आपलेच असतात. तेव्हा भाड्याचा आकडा विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: यंत्र शेवटचे कोणी तपासले, वारा सुटल्यास ते कोण थांबवील, आणि अपघात घडल्यास जबाबदार कोण? उत्तरे कागदावर घ्यावीत. भाडे थोडे कमी आले तरी चालेल. पाळण्यातून उतरलेले मूल हसत घरी आले पाहिजे.