खो मिळेल तेव्हा उठायचे

आमच्या लेकीच्या आजारपणाबद्दल वार्तापत्रात लिहावे, असा आग्रह शाळेतील बाईंनी पूर्वीच केला होता. तेव्हा उपचार चालू होते आणि चार ओळी लिहिण्याइतके मन स्थिर नव्हते. आता लिहीत आहोत, त्याला कारण आहे. "आता कशी आहे?" असे विचारणारे आम्हाला बडी चावडीच्या भाजीबाजारात भेटतात, स्नेहसंमेलनात भेटतात, गणपतीच्या आरतीलाही भेटतात. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे विचारीत, "आम्ही काय करू?" आणि घरातल्या माणसांना नेमके त्या वेळी काही सुचत नसे. ते राहिलेले उत्तर म्हणजे हा लेख. लेकीचे नाव दिलेले नाही, ही तिची अट. वर्गातल्या मुलांना ते ठाऊक आहेच.

ऑगस्ट २०२२. ती सातवीत होती आणि शाळेच्या खो-खो संघात नुकतीच निवडली गेली होती. खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या नडगीवर निळे डाग दर पावसाळ्यात असतात. या वेळी ते दंडावर आणि पाठीवरही दिसू लागले, ताप हटेना, आणि एका टोकाच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत न थांबता पळणारी मुलगी घराचा जिना चढताना मध्येच बसली. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त तपासले आणि मोठ्या रुग्णालयात पाठवले. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेचा नमुना घेतला गेला. चौथ्या दिवशी निदान हाती आले : अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगतो. आपले रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होते. या आजारात तिथे अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून दम लागतो, जखमेशिवाय डाग पडतात, साधा संसर्गही आवरत नाही. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये हा सर्वाधिक आढळतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अमुक खाल्ले म्हणून किंवा फार खेळले म्हणून होत नाही. उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. ज्या देशांत सर्व सोयी आहेत, तिथे शंभरातील सुमारे नव्वद मुले यातून बरी होतात. जिथे उपचार मध्येच सुटतात किंवा संसर्ग वेळेवर आवरला जात नाही, तिथे हा आकडा खाली येतो. म्हणजे औषध जितके महत्त्वाचे, तितकेच ते चुकू न देणे महत्त्वाचे. आणि हे चुकू न देण्याचे काम डॉक्टरांचे नसते, घरच्यांचे आणि घराभोवतीच्या माणसांचे असते.

पहिल्या आठवड्यात भेटायला येणारे प्रत्येक जण तिला सांगत, "तू खेळाडू आहेस, लढशील." ती ऐकून घेई. एका रात्री ती म्हणाली, "मी एकटीनेच का पळायचं? दम लागायच्या आत खो द्यायचा असतो." आमच्या घरी त्या वाक्यापासून कामाची पद्धत ठरली. खो-खोत आठ जण चौकात बसतात आणि एक पळतो. बसलेला रिकामा नसतो, तो उठायच्या तयारीत असतो. पाठीवर थाप आणि "खो" मिळाला की त्याने क्षणात उठायचे. मात्र खो मिळण्याआधी उठले तर फाऊल.

भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये तारखेच्या चौकोनांत आम्ही नावे लिहू लागलो. रात्री रुग्णालयात कोण, सकाळी डबा कोणाचा, रक्ताचा अहवाल कोणी आणायचा, आजींजवळ घरी कोण थांबणार. आई, बाबा, आजी, दादा, मावशी, खालच्या मजल्यावरचे काका-काकू आणि संघाच्या बाई, असे आठ जण झाले. पहिल्या महिन्यात कोणी आपणहून चार पावले पुढे येऊन अमक्या डॉक्टरांचा पत्ता, तमक्या पानांचा रस घेऊन आले, तर आजी हसून म्हणत, "अजून खो दिलेला नाही हं." डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढाच काय, साधी जीवनसत्त्वाची गोळीही द्यायची नाही, हा नियम आजींनीच पाळला आणि पाळायला लावला.

खो कशाकशाचा लागतो, ते आता सांगतो.

पहिला रक्तदानाचा. औषधांनी मज्जा काही काळ थांबते, तेव्हा बाहेरून रक्त आणि प्लेटलेट्स द्याव्या लागतात. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्या साठवून ठेवता येत नाहीत. गरज पडेल तेव्हा माणूसच लागतो. यंत्राने फक्त प्लेटलेट्स काढून घेऊन उरलेले रक्त दात्याला परत देतात. त्याला तास-दीड तास लागतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी वीस जणांनी धावत येण्याऐवजी आपली नावे, रक्तगट आणि सवडीचे वार लिहून दिले. मध्यरात्री फोन गेला तेव्हा नारायणगुड्याहून एक जण स्कूटरवर आला, देऊन गेला आणि सकाळी कामावर हजर झाला. त्याची आमची पूर्वीची ओळखही नव्हती.

दुसरा खो डब्याचा. उपचारातील स्टेरॉइडमुळे भूक अशी लागते की रात्री दोन वाजता थालीपीठ हवे असते, आणि चार दिवसांनी अन्नाचा वासही नको होतो. उघडे, शिळे, चिरून ठेवलेले काही चालत नाही. काकूंनी कधी पक्वान्ने आणली नाहीत. ताजी मऊ खिचडी गरम डब्यात आणली, दारातच दिली आणि न बसता गेल्या. ते न बसणेही मदतच होते.

तिसरा खो आपल्यापैकी प्रत्येक पालकाला देता येतो. पहिले कठीण महिने संपल्यावर ती थोडी थोडी शाळेत येऊ लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रात्री नऊ वाजता वर्गातल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. "याला कांजिण्या निघाल्यात. काल तो तिच्याच रांगेत बसला होता, म्हणून लगेच सांगते." निरोगी मुलाला कांजिण्या म्हणजे आठवड्याची सुट्टी; केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या त्या जिवावर बेतू शकतात. वेळेत कळले तर औषध देता येते. आम्ही सकाळीच रुग्णालय गाठले, औषध सुरू झाले आणि कांजिण्या आल्या नाहीत. त्या भगिनींनी लपवले असते, तर आम्हाला कळलेही नसते. तो फोन आम्ही आयुष्यभर विसरणार नाही.

आता पायांविषयी. खेळाडू मुलीच्या घरात सर्वांत अवघड भाग तोच होता. व्हिनक्रिस्टीन नावाचे औषध पायांच्या नसांवर परिणाम करते आणि स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू वितळतात. चालताना चप्पल तिच्या नकळत पायातून गळून पडे. चौकात बसल्या जागेवरून उसळी घेणारी मुलगी पाटावरून हात टेकल्याशिवाय उठू शकत नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तिला पळायचे ध्येय दिलेच नाही. "हात न टेकता उठायचे" एवढेच दिले. आधी खुर्चीवरून, मग स्टुलावरून, मग पाटावरून. सरावाच्या वहीत पूर्वी ती सेकंद लिहीत असे. आता एका बाजूला हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स, दुसऱ्या बाजूला "स्टूल, ६ वेळा" अशी नोंद होऊ लागली. पाटावरून हात न टेकता उठायला तिला मार्च २०२३ उजाडला. त्या दिवशी आजींनी शिरा केला.

संघातील तिच्या जागेचा प्रश्न त्याआधीच आला होता. तिची जागा रिकामी ठेवावी, असे काही मैत्रिणींना वाटे. बाईंनी रुग्णालयात येऊन तिलाच विचारले. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आम्ही समजूत घातली नाही, कारण ते दुःख खरे होते. तिसऱ्या दिवशी तिने दादाकडून निरोप पाठवला : "आठ बसल्याशिवाय खेळ होत नाही. दुसरीला घ्या. गुण मी लिहीन." स्पर्धांची गुणपत्रके दर वेळी घरी येऊ लागली. ती पाहून कोणाचा सूर चुकला, कोणी खो उशिरा दिला, हे ती फोनवर सांगे. मुलींनी तिला कधी "बिचारी" म्हटले नाही. उलट, गुणांची बेरीज चुकली तर भांडल्या. या भांडणांनी तिला केवढा आधार दिला, हे त्या मुलींना कदाचित माहीत नसेल.

औषधांबद्दल वाचताना आम्हाला दोन गोष्टी कळल्या. व्हिनक्रिस्टीन मिळते सदाफुलीपासून. आपल्या कुंड्यांतली, तेलुगू शेजारी जिला बिळ्ळ गन्नेरू म्हणतात, तीच. (तिची पाने घरी खाऊ नयेत, ती विषारी आहेत.) आणि दर आठवड्याला घ्यायची मेथोट्रेक्सेट ही गोळी ज्या कुळातली आहे, त्या औषधांमागे होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, १८९५ मध्ये भीमावरमला जन्मलेले. १९२३ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे त्यांच्या चमूने तयार केलेले औषध डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ मध्ये बॉस्टनमध्ये ल्युकेमियाच्या मुलांना दिले आणि या आजारात प्रथमच उतार दिसला. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले. आपल्याकडच्या माणसाने तिकडे खो दिला आणि तो पाऊणशे वर्षांनी आमच्या घरात पोहोचला, असे लेक म्हणते.

दादाला वाटे की आपली अस्थिमज्जा द्यावी लागेल. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीवर तिच्या भावाच्या मज्जेने प्रत्यारोपण केले होते, हे त्याने वाचले होते. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. डॉक्टरांनी सांगितले की औषधांना प्रतिसाद चांगला असल्याने तिला त्याची गरज नाही. तरीही तो तयार बसला होता, हे तिला ठाऊक होते.

दादानेच तिला जपानची जलतरणपटू रिकाको इकी हिची हकीकत सांगितली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सहा सुवर्णपदके, फेब्रुवारी २०१९ मध्ये ल्युकेमिया, आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक. लेक म्हणाली, "ती एकटी पोहते. आमच्यात आठ जणी लागतात." दादाने शोधून दाखवले की टोकियोला इकी फक्त रिलेमध्ये पोहली, चौघींमधली एक म्हणून. ते तिला पटले.

खर्चाविषयी थोडे. संयुक्त आंध्र प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेली आरोग्यश्री योजना पात्र कुटुंबांना कर्करोगातही आधार देते, आणि तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून तिची मर्यादा दहा लाख रुपये झाली. रेड हिल्सवर मेहदी नवाज जंग यांच्या नावाची सरकारी कर्करोग संस्थाही आहे. आम्हाला विम्याचा आधार होता. वॉर्डात मात्र गाव सोडून आलेली, मजुरी बुडवून महिनोन्महिने राहिलेली कुटुंबे पाहिली. त्यांचे उपचार औषधाअभावी थांबत नव्हते. खोलीचे भाडे, बसचे तिकीट, घरी राहिलेल्या धाकट्यांची काळजी यांमुळे थांबायची वेळ येई. विश्वस्त मंडळाने विचार केला, तर आपल्या समाजाला इथे बरेच करता येईल. परगावच्या एखाद्या कुटुंबाला महिनाभर खोली मिळवून देणे, हाही एक खोच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा गोळ्यांचा शेवटचा महिना चालू होता. १९ तारखेला अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले. आमचे सगळे आठ जण टीव्हीसमोर होते. ती वही घेऊन गुण लिहीत होती.

उपचार संपले. दर महिन्याला तपासणी, नंतर ती हळूहळू विरळ होत जाते. पुढची काही वर्षे प्रत्येक अहवालाआधीची रात्र लांबच असणार. जून २०२५ मध्ये ती दहावीत गेली. स्पर्धेत ती पुन्हा खेळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारीत नाही. सरावाला ती चौकात बसते. खो मिळाला की उठते, पूर्वीपेक्षा सावकाश, पण हात न टेकता. चार-पाच पावले पळते आणि पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप देते.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या ओळखीच्या घरात असा प्रसंग आला, तर आपला रक्तगट आणि सवडीचा वार एका चिठ्ठीवर लिहून द्या. मुलाला ताप, गोवर, कांजिण्या असतील तर न लाजता फोन करा. आणि मग तयार बसा. आमच्यासाठी जे बसले आणि हाक येताच उठले, त्यांच्यापैकी कोणाला गरज पडली, तर आता आम्हीही चौकात बसलेलो आहोत.