गोपिंगेनच्या आगगाड्या

भातुकलीची भांडी करणारा कारखाना पुढे आगगाड्या करू लागला, असं सांगितलं तर खरं वाटेल? पण ते खरं आहे!

मे महिन्याच्या सुटीत मी ताईकडे जर्मनीत, श्टुटगार्टला गेले होते. तिथून साधारण ४० किलोमीटरवर, फिल्स नदीकाठी गोपिंगेन हे गाव आहे. १८५९ साली थिओडोर मेर्क्लिन यांनी इथे बाहुल्यांसाठी पत्र्याची भांडी करायला सुरुवात केली. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांनी धंदा सांभाळला. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मेर्क्लिनची किल्लीवर चालणारी आगगाडी रुळांसकट मांडली गेली. गावातल्या संग्रहालयात अशा जुन्या गाड्या पाहून डोळे निवतात. पुढे विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांतली एक जात खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. म्हणजे खरी गाडी ८७ मीटर लांब असेल, तर ही फक्त १ मीटर!

परत आल्यावर शेजारच्या आजोबांनी आम्हाला तळघरात नेलं. तिथे त्यांनी बोगदे, पूल, स्टेशन असं सगळं गावच उभं केलं होतं! गाड्या खूप, म्हणून ट्रान्सफॉर्मर दोन. एक मुख्य मार्गासाठी, एक यार्डासाठी. ट्रान्सफॉर्मर घरातली २३० व्होल्टची वीज १६ व्होल्टवर आणतो.

आता दोन झोपाळे डोळ्यांपुढे आणा. दोघी मैत्रिणी एकाच तालात झुलत असतील, तर हातात हात धरता येतो. एक पुढे नि एक मागे जात असेल तर? हाताला हिसका! आपल्या घरातली वीजही सेकंदाला ५० वेळा अशीच पुढे-मागे झुलते. दोन ट्रान्सफॉर्मरांचा ताल उलटा असेल, तर इंजिन एका भागातून दुसऱ्यात जाताना सांध्यावर १६ अधिक १६, असा ३२ व्होल्टचा हिसका बसतो. ठिणगी उडते, तारा तापतात.

आजोबांची युक्ती सोपी होती. दोन्हींच्या तपकिरी तारा एकत्र जोडायच्या. लाल तारांमध्ये दोन छोटे दिवे एकामागे एक लावायचे. दोन्ही बटणं सारखी फिरवायची. दिवे लागले तर ताल उलटा! मग वीज बंद करून एक प्लग उलटा फिरवून बसवायचा. तिथला दोन पिनांचा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. आपला तीन पिनांचा बसत नाही.

पुढे एक इंजिन नेमकं सांध्यावर थांबलं. मी मदत म्हणून एका ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढायला हात पुढे केला. तोच आजोबा ओरडले, "नाइन! नाइन!" म्हणजे 'नको, नको!' मी चपापलेच. ताईने अर्थ सांगितला. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो! दुसऱ्याची १६ व्होल्टची वीज इंजिनातून पहिल्यात शिरते, नि त्याच्या प्लगच्या उघड्या पिनांवर पुन्हा २३० व्होल्टच्या आसपास होते. म्हणून सगळे प्लग एकाच पट्टीवर लावायचे, नि आधी पट्टीचा एकच खटका बंद करायचा.

'प्लग काढला की वीज गेली,' असं मी वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी ते फळ्यावर दुरुस्त केलं.

तुम्हीही असा खेळ मांडाल, तेव्हा तारांचं काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्या. आणि त्यांना त्या खटक्याची आठवण तुम्ही करून द्या. द्याल ना?