उकिडवं बसणाऱ्यांचा खेळ

नव्या मुलाला मी पहिले पंधरा दिवस पळूच देत नाही. मधल्या पाटीवर उकिडवं बसवतो. कुणाची तरी आई कुंपणापाशी थांबते, दोन-तीन दिवस बघते आणि शेवटी विचारते, "सर, आमचा कधी पळणार?" खो-खो शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. हा प्रश्न एकाही मोसमात चुकलेला नाही.

खो-खोचे नियम मुळात पाठलाग करणाऱ्याच्या विरुद्ध मांडलेले आहेत. पळणारा वाटेल तिथे वळतो, दोन बसलेल्यांच्या मधून आरपार जातो. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. एकट्याच्या पायांवर तरबेज गडी हाती लागणं जवळजवळ अशक्य. म्हणून आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडं करून बसलेले असतात. नऊ मिनिटांच्या डावात पळताना दिसतो एक. पकडायला निघालेले असतात नऊ.

या बसण्यातच सगळी मेहनत आहे. टाचा किंचित उचललेल्या, भार चवड्यांवर, नजर समोर. मागून पाठीला हात लागला आणि ‘खो’ ऐकू आला, की उठायचं. त्याआधी उठलात तर फाऊल. पंच पाठलाग करणाऱ्याला उलट्या दिशेला धाडतात आणि तेवढ्यात पळणाऱ्याला श्वास मिळतो. उशिरा उठलात तर तो दोन घरं पुढे गेलेला असतो. शिवाय कित्येकदा खो तुम्हाला मिळतच नाही. शेजारचा उठतो, पलीकडचा उठतो, तुमच्या मांड्या भरून येतात, आणि तरीही पुढचा खो आपलाच आहे असं धरून बसायचं असतं. पळून दमणं कुणालाही जमतं. बसून तयार राहणं शिकवावं लागतं.

हे मलाही उशिराच कळलं. तरुणपणी मी जुन्या तालमीच्या थाटात मुलांना रोज पाचशे बैठका घालायला लावायचो. घाम गळाला की मला सराव झाल्यासारखं वाटायचं. चांगल्या पायांच्या एका मुलीचे गुडघे दुखू लागले. मी तिला ‘सवय होईल’ म्हणालो. सवय झाली नाही. तिने खेळ सोडला. तिचे गुडघे माझ्या आकड्याच्या हौसेपायी गेले, हे मी स्वतःशी कबूल करायला बरीच वर्षं घेतली.

आता मी बैठका मोजत नाही, पहिली दोन पावलं बघतो. आठ जणांना बसवतो आणि मागून नुसताच ‘खो’ ओरडतो, हात लावत नाही. जो उठेल तो चुकला. मग हात लावतो, पण ओरडत नाही. त्यालाही जो उठेल तो चुकला. दहा मिनिटांत हसू मावळतं, कान आणि पाठ जागी होते. असे छोटे छोटे डाव, मध्ये विश्रांती, पुन्हा डाव. हेच महिनोन्महिने. कंटाळवाणं आहे, आणि हा कंटाळा ज्याला सोसतो तो संघात टिकतो.

पळणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. ते तिघांच्या तुकडीने उतरतात. एकाच्या मागे पाठलाग लागलेला असताना उरलेल्या दोघांनी दम घ्यायचा, पण पाठलागावरची नजर काढायची नाही. साखळी धरून नागमोडी पळणारा एखादा हुशार गडी प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी नसती हुलकावणी देतो आणि पाठलाग थेट जोडीदाराच्या अंगावर आणून सोडतो. अशा गड्याला मी बाहेर बसवतो, कितीही वेगवान असला तरी.

19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला 78-40 असं हरवलं, प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने 54-36 असं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, त्यामुळे आमच्या मैदानावर त्या रात्री फटाके फुटले. मला एकच गोष्ट खटकली. कॅमेरा सूर मारणाऱ्यावर खिळलेला होता, तोच सूर संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवत होता. त्याआधी ज्या तीन-चार खोंनी पळणाऱ्याची वाट बंद केली, ते एकदाही दाखवले नाहीत. सूर सुंदरच होता, पण गडी त्याआधीच बाद झाला होता.

या हिवाळ्यात तुमच्या गावच्या मैदानावर सामने होतील. जरूर जा. पहिली पाच मिनिटं पळणाऱ्याकडे बघू नका; बसलेल्यांच्या टाचा बघा.