‘पोलीस ॲक्शन’ : बातमी, मौन आणि १९४८ चा मराठवाडा

१/ शिरड शहापूर. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील, मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी ओळखले जाणारे गाव. या सबंध टापूत जुनी माणसे काळ मोजताना एक खूण वापरीत आली आहेत : ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘पोलीस ॲक्शननंतर’. सप्टेंबर १९४८ मध्ये आले होते ते मात्र रणगाडे आणि विमाने घेतलेले भारताचे सैन्य. मग त्या लढाईला पोलिसांचे नाव कसे पडले?

२/ आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता, आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. करार कागदावर राहिला. गावोगावी सत्ता वाढत गेली ती लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांची. लूट, जाळपोळ, खून यांनी मराठवाडा होरपळला. अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आणि सोलापूरकडे गेली.

३/ अशा प्रदेशात बातमी मिळवणे सोपे नव्हते. सभाबंदीसाठी निजाम सरकारचे ‘गश्ती निशाण ५३’ होतेच. वृत्तपत्रांवरही बंदीची तलवार टांगलेली असे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. त्यावर बंदी आली की ते नवे नाव धारण करून पुन्हा निघे. निजामाच्या बाजूला ‘डेक्कन रेडिओ’ होता. छापील मजकूर जिथे पोहोचत नसे, तिथे बातमी निर्वासितांच्या तोंडून पोहोचे, आणि वाटेत तिचे रूपही बदले.

४/ संस्थानाबाहेर मात्र वृत्तपत्रे रझवीच्या भाषणांनी भरली होती. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा आशयाची वाक्ये त्याच्या नावावर छापून आली. हैदराबाद सरकारने त्यांतील एका भाषणाचा साफ इन्कार केला. तो इन्कार फारसा कोणाच्या मनावर ठसला नाही. रझाकारांचे अत्याचार लोकांसमोर असताना त्या शब्दांवर विश्वास बसणे स्वाभाविकच होते.

५/ हैदराबादेतच एक वेगळा आवाज होता : उर्दू दैनिक ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान. संस्थानाने भारतात विलीन व्हावे, असे ते लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांची भर रस्त्यावर हत्या केली आणि त्यांचा हात तोडला. एका मुस्लिम संपादकाच्या या खुनाने सिद्ध झाले की हा लढा दोन धर्मांतला म्हणून सांगणे अपुरे आहे. पुढे त्याची सर्रास आठवण मात्र तशीच सांगितली गेली.

६/ आता नावाकडे. त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. ‘युद्ध’ म्हटले तर हैदराबाद हे वेगळे राष्ट्र ठरते. ‘पोलीस कारवाई’ म्हटले तर तो घरचा प्रश्न राहतो. वृत्तपत्रांनी सरकारचा शब्द उचलला. पोलिसी कारवाई गुन्हेगारावर होते, तिच्यात शत्रूची बाजू ऐकण्याचा प्रश्नच उरत नाही. शब्द स्वीकारताना वाचकाने हा निवाडाही स्वीकारला.

७/ १३ सप्टेंबरला मुख्य तुकड्या मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून शिरल्या. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १७ सप्टेंबरला निजामाने डेक्कन रेडिओवरून युद्धविराम जाहीर केला. पाच दिवसांत सारे आटोपले. मराठवाड्यातील बहुसंख्यांसाठी ती खरोखरची सुटका होती.

८/ बातम्यांचा ओघ इथे आटला. सैन्य येताच आणि त्यानंतरच्या दिवसांत अनेक गावांत मुसलमानांची कत्तल झाली. रझाकार नसलेलेही मारले गेले. केंद्र सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या पथकाने दौरा केला. त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्यासह शेजारचे नांदेडही होते. मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे.

९/ सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्यातील काही भाग अभ्यासकांच्या हाती लागले. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीत पाहण्यासाठी खुला झाला. मधल्या ६५ वर्षांत दोन पिढ्या एकच कथा ऐकून वाढल्या.

१०/ १९४८ चा पाठिंबा वृत्तपत्रांनी शून्यातून उभा केला, असे म्हणणे रझाकारांचे बळी ठरलेल्यांवर अन्याय होईल. राग खरा होता, कारणे खरी होती. वृत्तपत्रांचा परिणाम दिसतो तो पुढच्या टप्प्यावर : शब्द ठरला, विजय झाला, आणि त्यानंतर काय घडले हे विचारण्याची गरज वाचकाला वाटेनाशी झाली.

११/ दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, ध्वज फडकतो, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. तो अभिमान योग्यच आहे. गावातल्या एखाद्या वृद्धाने त्या दिवशी ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द उच्चारला, तर तरुणांनी त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : त्यानंतरच्या महिन्यात आपल्या गावात काय झाले?