चार हजार सहाशे पन्नास किलो तांदूळ

सगळ्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवावं का, हे मला कुठेही विचारतात. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, भिशीच्या दिवशी पोहे खाता खाता. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत वीसेक वर्षं काढलेल्या बाईकडे याचं उत्तर तयार असणार, असं लोक धरून चालतात. पण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वेगळंच जाणून घ्यायचं असतं. क्लास लावू का, किती पैसे घालू, आणि नाही लावला तर आमचा पोरगा मागे पडेल का?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये या प्रश्नाला ऊत आला होता. जुलैअखेर नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झालं आणि त्यात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा उल्लेख होता. ऑनलाइन क्लासवाल्यांचा बाजार आधीपासून होताच, त्याला आता सरकारी शिक्का मिळाल्यासारखं झालं. माझा भाचा तेव्हा चौथीत. वहिनीचा फोन आला, "ताई, फुकट डेमो घेतला. ती बाई म्हणाली, मुलात लॉजिक आहे, वाया घालवू नका. लावू का?" मी हो-नाही म्हणेपर्यंत तिने पैसे भरलेही होते.

एकदा त्याच्याकडे राहायला गेले असताना मी क्लासला शेजारी बसले. पलीकडच्या मॅडमनी कोड आधीच लिहून ठेवला होता. भाच्याने बटणाचा रंग बदलला, वर स्वतःचं नाव टाकलं, आणि क्लास संपताना ‘ॲप डेव्हलपर’ असं प्रमाणपत्र आलं. वहिनीने ते लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. मी त्याला सहज विचारलं, "बटण लागोपाठ दोनदा दाबलं तर काय होईल रे?"

"आत्या, ते टीचर सांगतील."

नऊ वर्षांच्या मुलाला मी दोष देत नाही. दोनदा दाबून बघावं, ही इच्छासुद्धा त्या क्लासने त्याच्यात जागी केली नव्हती. त्याचे मात्र भरभक्कम पैसे घेतले होते.

पुढे मी नोकरी सोडली आणि शनिवारी पुरंदर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जायला लागले. सातवीपर्यंतची शाळा, शनिवारी सकाळची भरते. तिथे एका कंपनीने दिलेली काही जुनी मशिन होती. फीत कापून, फोटो काढून ती आली आणि नंतर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली गेली. वीजबिल सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, भरायचं, आणि सादिल कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. मी तिथल्या गुरुजींना म्हटलं, मी येते, मुलांना थोडं प्रोग्रॅमिंग शिकवते. ते यू-डायसच्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मॅडम, यातल्या निम्म्यांना भागाकार येत नाही. तुम्ही कोडिंग कुठं घेऊन बसता?"

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि या विषयावर ऐकलेला हाच सगळ्यात सच्चा आक्षेप आहे असं माझं आजही मत आहे. तरी त्यांनी किल्ली दिली.

आम्ही स्क्रॅच घेतलं, जुन्या मशिनवर इंटरनेटशिवाय चालणारं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं, २००७ पासून ते सर्वांना फुकट आहे. पडद्यावर एक मांजर असतं. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की ते त्याप्रमाणे चालतं, वळतं, मागे रेघ ओढतं. चौकोन सगळ्यांनाच जमला. चार वेळा, पुढे शंभर पावलं, वळ नव्वद अंश. मग मी त्रिकोण सांगितला, तिन्ही बाजू सारख्या. सातवीच्या वर्गाला समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंश हे पाठ होतं, म्हणून सगळ्यांनी तीन वेळा वळ साठ असं लावलं. मांजर निघालं, वळलं, परत वळलं आणि त्रिकोण बंद न करताच भलतीकडे थांबलं. पडद्यावर षटकोनाचा अर्धा भाग दिसत होता.

"मॅडम, तुमचं मांजर खुळं हाय."

"मांजर सांगितल्याप्रमाणेच चाललंय. तूच मांजर हो, बघू."

बाहेर मैदानात फक्कीने त्रिकोण आखला. एका मुलीला त्याच्या रेघेवरून चालायला लावलं. पहिल्या कोपऱ्याशी ती थांबली, पुढच्या रेघेकडे तोंड करायला वळली आणि तशीच उभी राहून म्हणाली, "मी तर काटकोनापेक्षा जास्त फिरले की." मग कुणीतरी धावत जाऊन फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक आणला. तिची आधीची रेघ पुढे वाढवली, कोनमापक मातीत ठेवला. एकशेवीस. आतला कोन साठ, पण चालणारा वळतो तो बाहेरचा. पुस्तकात बाह्यकोन येतो, त्याची व्याख्या पाठ होते, परीक्षेत लिहिली जाते. पायाखाली तो त्या दिवशी आला. त्याच मुलीने पुढे, मी न विचारता, पंचकोनाला बहात्तर लावून पाहिलं. कसं काढलंस म्हटल्यावर म्हणाली, "शेवटी एक पुरी गिरकीच होती ना, तिचे पाच वाटे केले."

यात माझं काहीच श्रेय नाही. सीमोर पॅपर्ट नावाच्या गणितज्ञाने हे कधीच ओळखलं होतं. पॅपर्ट जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ पियाजेंबरोबर काम करून एमआयटीत गेले आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. त्यातलं कासव मुलाने स्वतःच्या अंगाच्या अंदाजाने चालवायचं. स्क्रॅचचं मांजर त्याच घराण्यातलं. पॅपर्टना घरोघर प्रोग्रॅमर नको होते, मुलांना गणितात वावरायला एक जागा हवी होती. जाहिरातींत नेमकं हेच गळतं.

तांदळाची गोष्ट त्यानंतरची. शाळेत पोषण आहाराचा हिशोब रोज ठेवावा लागतो : पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५०. मी म्हटलं, मांजराला हजेरी विचारायला लावा आणि तांदूळ किती काढायचा ते त्याच्याकडून वदवून घ्या. सहावी-सातवीचे मिळून त्या दिवशी एकतीस हजर होते. एका पोराने जोरात आकडा टाकला आणि मांजर म्हणालं, ‘४६५० किलो’. तो खूश. खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "एवढ्यात गावची जत्रा जेवंल बाबा."

मुलगा पडद्याकडे बघत राहिला. आकडेमोड बरोबर होती, तरी उत्तर चूक होतं. त्याच्या शेजारचा हळूच म्हणाला, "आरं, गिरॅम हायत ते." हजाराने भागायला हवं होतं. हा मुलगा भागाकाराच्या तासाला मागच्या बाकावर सरकणारा. इथे त्यानेच भागायचा ठोकळा शोधून काढला, चुकीच्या जागी लावला, मग बरोबर जागी लावला. चार पूर्णांक पासष्ट शतांश किलो. मावशींनी डोळ्यांनीच मापून सांगितलं, "हां, आता बरोबर."

मग पहिली-पाचवीचा दर वेगळा, म्हणून ‘जर-तर’ आलं. मग एका वात्रट पोराने हजेरीच्या जागी आकड्याऐवजी अक्षरांत ‘तीस’ लिहिलं. स्क्रॅच अक्षरांना शून्य धरतं, त्यामुळे तांदूळ शून्य किलो. "आज उपास!" असा एकच गिल्ला झाला. वापरणारा माणूस काय वाटेल ते टाकू शकतो आणि आपण त्याची तयारी ठेवायची असते, हे कंपनीत नव्या इंजिनिअरांच्या गळी उतरवायला मला महिने लागायचे.

गुरुजी हे सगळं दारातून बघत होते. काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी गणिताचा तास आमच्या तासाला जोडून घेतला.

पण त्यांचा आक्षेप पुसला गेला, असं मी म्हणणार नाही. वर्गात चार-पाच मुलं अशी होती ज्यांना ठोकळ्यांवरचं वाचताच येत नव्हतं. ती मांजरावर क्लिक करून म्याँव काढत बसायची. त्यांना माझ्या शनिवारांतून काहीही मिळालं नाही. त्यांना हवा होता वाचन शिकवणारा माणूस, आणि तो प्रोग्रॅमिंगच्या नावाखाली कुणी पळवत असेल तर मी गुरुजींच्या बाजूने उभी राहीन. आणखी एक गोष्ट खटकायची. एका मशिनवर तिघं बसली की माउस मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात. कुणी ठरवलेलं नव्हतं, आपोआप व्हायचं. थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायचा नियम करावा लागला, आणि तो मोडला की ओरडावंही लागलं.

लाईट गेली की मुलांना मैदानावर उंचीप्रमाणे रांग लावायला सांगायचे, पण अट अशी की प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याशी उंची ताडायची आणि गरज असेल तर जागा बदलायची. आठ मुलं, सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या तर अठ्ठावीस तुलना. मग आठाऐवजी सोळा घेतली तर दुप्पट होतील का, यावर भांडणं. दुप्पट नाही होत, एकशेवीस होतात. एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाळा या उपक्रमात असे बिनसंगणकाचे पाठ आहेत, शिक्षकांनी जरूर बघावेत. मशिन नाही ही सबब त्यामुळे निम्मी तरी संपते.

मग सगळ्यांना शिकवायचं का? माझं उत्तर हो असं आहे. आमच्याकडे पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत सोडतात ते ऑलिंपिकसाठी नाही, तसंच हे. नोकरीचं आमिष त्यात मिसळलं की सगळं नासतं. आणि दुसरी भीती त्याहून मोठी आहे : हा शंभर मार्कांचा विषय होईल. मी शाळेत असताना संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून आत जावं लागायचं, आत गेल्यावर कळ दाबायला मिळायची ती पाचएक मिनिटं, आणि परीक्षेला यायचं ते ‘संगणकाच्या पिढ्या लिहा’ आणि ‘संगणकाचे जनक कोण’. आजही विषय वेगळा काढा, महिन्याभरात त्याचं गाईड बाजारात येईल. गाळलेल्या जागा भरा : ‘रिपीट’ या ठोकळ्याचा रंग ____ असतो.

इंग्लंडने २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलापासून कम्प्युटिंग सक्तीचं केलं. पैसा होता, इच्छा होती. तीनच वर्षांनी तिथल्या रॉयल सोसायटीला अहवालात लिहावं लागलं की हे शिक्षण विस्कळीत आणि डळमळीत आहे. प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नव्हते. आपल्याकडे तर शिक्षकाच्या मागे ऑनलाइन माहितीचा ससेमिरा आहे, त्याच्या डोक्यावर आणखी एक विषय ठेवून तो शिकवला जाईल असं मानणं भाबडेपणाचं आहे. त्यापेक्षा सहावी-सातवीच्या गणितातच याला जागा द्यावी. कोन, गुणोत्तर, सरासरी शिकवताना, त्याच शिक्षकाने, परीक्षेशिवाय. बाहेरून येणारी माझ्यासारखी मॅडम वर्ष-दोन वर्षांत निघून जाते, गुरुजी राहतात.

हल्ली नवा मुद्दा निघाला आहे : आता एआयच कोड लिहितं, मग शिकायचं कशाला? एका मुलाच्या वडिलांनीच मला विचारलं, पेरूच्या बागेत उभं राहून. मी त्यांना तांदळाचा किस्सा सांगितला. यंत्र तुम्हाला अगदी सुबक कोड लिहून देईल आणि त्यातून चार हजार सहाशे पन्नास किलोही निघतील. हे अशक्य आहे असं ओळखणारं कुणीतरी शाळेत हवं. त्या दिवशी ते मावशींनी ओळखलं. पोरांनाही ओळखता आलं पाहिजे, एवढ्यासाठी तरी त्यांनी एकदा स्वतः चुकीचा ठोकळा लावलेला असावा.

शहरातल्या पालकांना माझा सल्ला एवढाच, क्लासचे पैसे वाचवा. स्क्रॅच फुकट आहे, शनिवारी तासभर मुलाशेजारी बसा, आणि उत्तर येत असलं तरी सांगू नका. गावाकडच्यांना सांगणं वेगळं आहे. तुमच्या शाळेत कव्हराखाली मशिन पडून असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला जा आणि आधी वीजबिलाचा विषय काढा.